झिजलेले वाद्य आणि झिजवलेले वाद्य

नवी कोरी वस्तू कारखान्यातच खरवडायची, तिच्यावरील रोगण जागोजागी उडवायचे, तिचे धातूचे भाग मुद्दाम काळवंडवायचे, आणि मग न खरवडलेल्या वस्तूपेक्षा अधिक दाम घेऊन ती विकायची, हा व्यवहार प्रथमदर्शनी कोणालाही विक्षिप्तपणाचा वाटेल. तथापि गेली तीस वर्षे अमेरिकेतील वाद्यनिर्मितीच्या धंद्यात तो उघडपणे चालू आहे आणि चांगला किफायतशीरही ठरला आहे. बास गिटार हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. या झिजवलेल्या वाद्यांविषयी वादकांत, कारागिरांत आणि संग्राहकांत दोन तट पडले असून त्यांचा वाद अद्याप शमलेला नाही. वरवर पाहता हा वाद रोगणाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. काळाने करावयाच्या खुणा माणसाने हुबेहूब उमटवल्या, तर त्यांना काय म्हणावे? अलंकार म्हणावे, नक्कल म्हणावे, की असत्य म्हणावे?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी त्या वाद्याचा जन्म पाहिला पाहिजे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत असे. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादकांच्या अडचणी समजून घेण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. त्या काळी वाद्यवृंदातील खर्जाचे काम उभ्या डबल बासकडे असे. हे वाद्य माणसाएवढे उंच, प्रवासात नेण्यास अवजड, आणि मोठ्या वाद्यमेळात त्याचा आवाज दबून जाई. शिवाय त्याला पडदे नसल्यामुळे स्वर अचूक लागण्यास वर्षानुवर्षांची मेहनत लागे. फेंडरने १९५१ साली चार तारांची, पडदे असलेली, विद्युत्‌शक्तीने आवाज वाढवता येणारी आणि खांद्याला अडकवून वाजवता येणारी बास गिटार बाजारात आणली. स्वर नेमका लागतो म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’ ठेवले. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी याने ती वाजवल्यावर जाझच्या जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९६० साली फेंडरने ‘जाझ बास’ हे दुसरे वाद्य काढले. पुढे जगभरच्या लोकप्रिय संगीताचा पाया या दोन वाद्यांनी घातला असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या मुंबईच्या चित्रपटसंगीतातही गोमंतकीय वादकांच्या हातून हे वाद्य रुळले आणि राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी ते वाजवले.

आता रोगणाकडे वळू. फेंडरच्या वाद्यांवरील रोगण मूळचे वाद्यांचे नव्हेच. ते मोटारगाड्यांचे होते. १९२०नंतरच्या दशकात ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून लवकर वाळणारे लॅकर तयार केले आणि मोटारींच्या कारखान्यांनी ते उचलले. फेंडरनेही तेच घेतले. त्याच्या वाद्यांच्या खास रंगांची नावेसुद्धा तत्कालीन मोटारींच्या रंगांची आहेत. या लॅकरचा एक स्वभाव असा की, ते वाळल्यानंतरही वर्षानुवर्षे बदलत राहते. ते पिवळट पडते, आक्रसते, थंडीतून एकाएकी उबेत आले की त्यावर बारीक भेगांचे जाळे पसरते, आणि सतत स्पर्श होणाऱ्या जागी ते झिजून खालचे लाकूड उघडे पडते. १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने याऐवजी पॉलिएस्टरचा जाड लेप वापरण्यास प्रारंभ केला. हा लेप कठीण व चकचकीत असतो. तो सहसा झिजत नाही, आपटल्यास टवका मात्र उडतो.

याच सुमारास आणखी एक घटना घडली. जानेवारी १९६५मध्ये लिओ फेंडरने आपला कारखाना कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या नभोवाणी कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकला. नव्या मालकीखाली उत्पादन वाढले, पण कारागिरी घसरली असा वादकांचा ग्रह झाला. तो सर्वांशी न्याय्य होता की नाही हा वेगळा विषय. तथापि १९६५पूर्वीच्या वाद्यांना त्यामुळे एक प्रकारचे माहात्म्य प्राप्त झाले आणि त्यांच्या किमती चढू लागल्या. वादकाच्या हातातील जुने हत्यार हळूहळू संग्राहकाच्या कपाटातील ठेवा बनले. जे रोगण काळाबरोबर झिजते ते जुन्या, नामांकित वाद्यांवर, आणि जे झिजत नाही ते नव्यांवर, अशी विभागणी झाल्यामुळे झीज हीच उत्तमतेची खूण मानली जाऊ लागली. झिजवलेल्या वाद्यांच्या बाजारपेठेचे बीज येथे पडले.

झीज वाचता येते, हेही येथे सांगितले पाहिजे. वादकाचा हात जेथे टेकतो तेथे वाद्याची वरची कड उघडी पडते. पाठीमागे कमरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे उमटतात. तारांजवळ अंगठा टेकून वाजवणाऱ्याच्या वाद्यावर त्या जागी खळगा पडतो. खुंट्यांजवळ तारेच्या टोकाला जळती सिगारेट खोचून ठेवण्याची अनेकांची खोड असे. तिचा काळा डागही पुष्कळ वाद्यांवर दिसतो. प्रारंभीच्या प्रिसिजन बासवर बोटे टेकण्यासाठी एक पट्टी तारांच्या खालच्या अंगाला बसवलेली असे. वादक अंगठ्याने तार छेडील आणि बोटांनी पट्टी धरील, ही कारखानदाराची अपेक्षा त्यावरून कळते. वादकांनी मात्र बोटांनी छेडण्याची रीत पाडली आणि ती पट्टी निरुपयोगी ठरली. घोडीवरचे क्रोमचे झाकण पुष्कळांनी काढून ठेवले आणि त्याचा रक्षापात्रासारखा उपयोग केला. ज्यांनी ते काढले नाही त्यांच्या वाद्यावर झाकणाखालचा रंग अगदी ताजा राहिला. म्हणजे वाद्य हा एक कागद आहे आणि त्यावरील झीज हा मजकूर आहे. तो मजकूर वादकाने हेतुपूर्वक लिहिलेला नसतो; म्हणूनच तो विश्वसनीय असतो.

या दृष्टीने दोन वादकांची चरित्रे बोलकी आहेत. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत जेम्स जेमरसन याने बास वाजवली. तो बहुतांशी एकाच तर्जनीने तार छेडीत असे आणि तारा सहसा बदलीत नसे. ज्या गाण्यांवर एक पिढी वाढली, त्या गाण्यांच्या तबकड्यांवर त्याचे नाव नसे. १९७१ साली मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर ते प्रथम छापले गेले. त्याची १९६२ची प्रिसिजन बास १९८३मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी चोरीस गेली. दुसरा जॅको पास्टोरियस. त्याचा जन्म १९५१चा, म्हणजे या वाद्याच्याच जन्मसालचा. त्याने १९६२च्या जाझ बासचे पडदे उपटून टाकले, त्यांच्या खाचा भरून काढल्या आणि तारांनी लाकूड खाल्ले जाऊ नये म्हणून नौकांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी तिच्या पट्टीवर चढवले. ही बास १९८६मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेली; पुढल्याच वर्षी तो निवर्तला. पुढे अनेक वर्षांनी ती सापडली आणि २०१०मध्ये रॉबर्ट ट्रुहिलो या वादकाच्या साहाय्याने तिचा वाद मिटून ती त्याच्या कुटुंबाच्या संपर्कात परत आली. या प्रसिद्ध वाद्याच्या, त्यावरील ओरखड्यांसह केलेल्या प्रतिकृती फेंडर कंपनीने विकल्या आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पास्टोरियसने इपॉक्सी चढवले ते झीज टाळण्यासाठी! खऱ्या वादकाला झीज हवी नसते. ती त्याच्या कामाची किंमत असते, त्याचे उद्दिष्ट नसते.

आता झिजवण्याच्या कलेकडे येऊ. फेंडर कंपनी १९८५मध्ये तिच्याच काही अधिकाऱ्यांनी व गुंतवणूकदारांनी विकत घेतली आणि १९८७मध्ये मागणीप्रमाणे वाद्ये करून देणारा ‘कस्टम शॉप’ हा विभाग सुरू झाला. या विभागाने १९९५ साली व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात कृत्रिम रीतीने जुन्या केलेल्या दोन गिटारी मांडल्या. जे. डब्ल्यू. ब्लॅक आणि व्हिन्स क्युनेटो हे त्यामागील कारागीर. व्यापाऱ्यांनी मोठ्या संख्येने मागण्या नोंदवल्या आणि पुढील काही वर्षे क्युनेटोने आपल्या मिसुरी राज्यातील कार्यशाळेत हे काम कंपनीसाठी केले. या वाद्यांना ‘रेलिक’ म्हणजे अवशेष हे नाव मिळाले. लवकरच बासलाही हा संस्कार होऊ लागला. २००९मध्ये कंपनीने मेक्सिकोतील कारखान्यात ‘रोड वॉर्न’ ही त्यामानाने स्वस्त मालिका काढली. तीत १९५०च्या धर्तीची प्रिसिजन बास आणि १९६०च्या धर्तीची जाझ बास यांचा समावेश होता. म्हणजे प्रारंभी थोड्यांची चैन असलेली गोष्ट चौदा वर्षांत घाऊक उत्पादनात आली.

या कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. पातळ लॅकर देऊन वाद्य गारठवतात व मग उबेत आणतात. त्यामुळे भेगांचे जाळे उमटते. हात टेकण्याची जागा सॅंडपेपरने घासतात. धातूच्या भागांना आम्लाच्या वाफा देऊन त्यांचे तेज घालवतात. पांढरे प्लॅस्टिक चहा-कॉफीच्या रंगाने पिवळवतात. चांगला कारागीर हे करताना वादकाचा हात कसा फिरेल याचा विचार करतो. अर्धवट कारागीर जेथे हात कधी पोचणारच नाही तेथेही लाकूड उघडे पाडतो, आणि जाणकार त्याला तेवढ्यावरून ओळखतात.

या वाद्यांविषयीची मते साधारणतः अशी आहेत. विरोधकांचे म्हणणे असे की, झीज कमवावी लागते. ती विकत घेणे म्हणजे न लढता अंगावर व्रण मिरवण्यासारखे आहे. समर्थक म्हणतात, नव्या वाद्याच्या दांडीवरील चिकट चकाकी हाताला अडते, तर झिजवलेली दांडी पहिल्या दिवसापासून रुळलेली वाटते. पहिला ओरखडा पडेल ही धास्ती उरत नाही, आणि वादक मोकळेपणाने वाजवतो. १९६५पूर्वीचे वाद्य घेण्याची ऐपत फार थोड्यांची असते. मग त्याचे रूप आणि स्पर्श तरी इतरांना का मिळू नयेत? तिसरा एक पक्ष म्हणतो की, पातळ आणि झिजलेल्या रोगणामुळे लाकूड मोकळे होते व आवाज सुधारतो. या शेवटच्या युक्तिवादाबद्दल सावध राहिलेले बरे. विद्युत् वाद्यात आवाज उचलतो तो तारेच्या कंपनातून, चुंबक आणि वेटोळ्याच्या साहाय्याने. त्यात रोगणाचा वाटा असलाच तर तो अल्प असणार. जुने म्हणून गोड ही समजूत किती बळकट असते, याचे प्रत्यंतर व्हायोलिनच्या क्षेत्रात मिळाले आहे. २०१०मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना काळे चष्मे घालून, मंद उजेडात, सहा व्हायोलिने वाजवण्यास दिली. त्यांत दोन स्ट्राडिव्हारी, एक ग्वार्नेरी आणि तीन नवी होती. कोणते वाद्य घरी न्यावेसे वाटते, असे विचारता १३ जणांनी नवे निवडले. म्हणजे कानाला जे जुनेपण ऐकू येते, त्यातील बराच भाग डोळ्याने कानाला सांगितलेला असतो.

आपल्याकडील अनुभवही येथे आठवावा. मिरजेचे कारागीर तंबोरा बनवतात तेव्हा घोडीवर जवारी काढतात. तारेच्या घर्षणाने घोडीला खाच पडली की स्वर बिघडतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. या झिजेचे कौतुक कोणी करीत नाही. ती दुरुस्त करतात. गुरूकडून आलेला जुना तंबोरा पूज्य असतो, तो त्याच्यावरील डागांमुळे नव्हे, तर त्याने केलेल्या साथीमुळे.

कृत्रिम जुनेपणाचा हा उद्योग अमेरिकेने शोधून काढला असे मात्र समजू नये. १४९६ साली तरुण मायकेलँजेलोने घडवलेली निद्रिस्त मदनाची मूर्ती जुनाट रूप देऊन प्राचीन म्हणून रोममधील कार्डिनल रिआरिओ यांना विकण्यात आली. फसवणूक उघडकीस आल्यावर कार्डिनलने मूर्ती परत करून दलालाकडून पैसे घेतले. कलावंताला मात्र रोमला बोलावून घेतले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील झाँ-बाप्तिस्त व्हियोम हा स्ट्राडिव्हारी व ग्वार्नेरी यांच्या व्हायोलिनांच्या प्रतिकृती करी आणि मुळातील झीजही तींत उतरवी. पागानिनीच्या लाडक्या ग्वार्नेरीची त्याने केलेली प्रत पुढे त्याचा शिष्य सिव्होरी याच्याकडे गेली. गंमत अशी की, ज्या स्ट्राडिव्हारीला आज सर्वांत मोठा मान आहे ते १७१६चे ‘मेसाया’ नावाचे वाद्य काही काळ याच व्हियोमच्या मालकीचे होते, आणि त्याचा मान ते जवळजवळ न झिजलेले आहे यासाठी आहे. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. ते इतके नवे दिसते की, त्याच्या अस्सलपणाविषयीच शंका घेतल्या गेल्या. पुढे लाकडातील वार्षिक वलयांच्या अभ्यासाने ते लाकूड त्या काळाशी जुळते असे दिसून आले. यावरून झीज म्हणजे अस्सलपणा नव्हे आणि झिजेचा अभाव म्हणजे बनावटपणा नव्हे, हे स्पष्ट होते.

दप्तरखान्यात काम करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पेशवाईनंतर मुंबई इलाख्यात इनामांच्या हक्कांची चौकशी सुरू झाली आणि १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले. अशा चौकशीत सनद केवळ जीर्ण दिसते एवढ्याने भागत नाही. कागद, शाई, मोडी अक्षराचे वळण, शिक्का, तारीख आणि सरकारी दप्तरातील नोंद यांचा मेळ बसावा लागतो. कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकर त्या मेळावर अवलंबून असते. जुनेपणाचे सोंग आणि जुनेपणाचा पुरावा यांतील अंतर म्हणजे केवळ रसिकांचा वाद नव्हे, हे येथे उघड दिसते.

वास्तूंच्या जतनातही हाच प्रश्न उभा राहिला. १८४९ साली जॉन रस्किनने जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्याची नक्कल करण्याला असत्य ठरवले. सर जॉन मार्शल यांच्या १९२३च्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या नियमपुस्तिकेत, अस्सलपणा गेला की वास्तूचे ऐतिहासिक मूल्यही गेले आणि नवे करण्यापेक्षा आहे ते जपणे हे पहिले कर्तव्य, असा दंडक घातला आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेने त्यापुढे एक व्यवहार्य नियम दिला: घातलेला नवा भाग मुळाशी सुसंगत असावा, परंतु पाहणाऱ्याला तो वेगळा ओळखता यावा.

मला वाटते, झिजवलेल्या वाद्यांच्या वादालाही हाच नियम लावता येईल. वाद्याचे रूप जुन्यासारखे करण्यात गैर काही नाही. कस्टम शॉपचे वाद्य प्रमाणपत्रासह आणि क्रमांकासह विकले जाते, तेव्हा घेणाऱ्याची फसवणूक होत नाही. तो एक नमुना घेतो, पुरावा घेत नाही. दोष सुरू होतो तो त्या खुणा पुसून तेच वाद्य दुसऱ्याच्या गळ्यात १९६२चे म्हणून बांधले जाते तेव्हा. असे झाले की फसवणूक एका गिऱ्हाइकापुरती राहत नाही. ज्या अनाम वादकांचे नाव तबकड्यांवरही छापले गेले नाही, त्यांच्या श्रमाची नोंद पुष्कळदा या ओरखड्यांतच उरलेली आहे. खोट्या ओरखड्यांची भर पडून तीही वाचता येईनाशी झाली, तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

शिवाय काळ कोणासाठी थांबत नाही. १९९५ साली झिजवलेल्या वाद्यांना आज तीस वर्षे होऊन गेली. त्यांतील पुष्कळ वाद्ये या काळात खरोखरीच वाजवली गेली; सॅंडपेपरने उघड्या पाडलेल्या लाकडावर खऱ्या मनगटाचा घाम मुरला आणि केलेल्या झिजेच्या शेजारी झालेली झीज उमटली. उद्याच्या अभ्यासकाला या दोन हस्ताक्षरांतील एक दुसऱ्यापासून निवडावे लागेल. त्याचे काम सुकर व्हावे, यासाठी आजच्या कारागिराने आणि विक्रेत्याने एवढेच करावे: आपण काय केले आणि केव्हा केले, हे वाद्याच्या आत कोठेतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.